मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल म्हणजे शिकाऊंच्या हाती जीव?

"सरकारी मेडिकल कॉलेजात नेऊ नका, तिथं विद्यार्थी पेशंटवर हात साफ करून घेतात," हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे. कॉटभोवती पांढऱ्या कोटांचा घोळका दिसतोच. पण त्यातले एमबीबीएसचे विद्यार्थी आजाराची हिस्टरी विचारतात, तपासायला शिकतात. ऑपरेशन करत नाहीत. रात्रंदिवस वॉर्डात दिसतात ते रेसिडेंट: साडेचार वर्षांचा अभ्यास आणि 1 वर्षाची इंटर्नशिप संपवून नोंदणी झालेले डॉक्टर, आता एमडी-एमएसची 3 वर्षं करणारे. तेही ऑपरेशन करतात ते वरिष्ठांच्या देखरेखीखाली. खात्री करायचीय? केसपेपरवर बहुधा युनिट, म्हणजे उपचार करणारी डॉक्टरांची टीम, लिहिलेलं असतं, त्यावरून तिचे प्रमुख कोण ते कळतं. संमतीपत्रावर सही करण्याआधी ऑपरेशन कोण करणार, सोबत वरिष्ठ कोण, हे बिनदिक्कत विचारा. तो पेशंटचा हक्कच आहे. गर्दी आणि ताटकळण्याच्या तक्रारी मात्र खऱ्या आहेत.