शाश्वत फिश अँड चिप्स

फिश अँड चिप्स हा ब्रिटनचा जुना पदार्थ, बॅटरमध्ये बुडवून तळलेला मासा आणि सोबत बटाट्याचे जाड तळलेले तुकडे. त्याची शाश्वत आवृत्ती म्हणजे रेसिपी जवळपास तीच, पण मासा कुठल्या समुद्रातला, कसा धरलेला आणि त्याचा साठा आज कितपत टिकून आहे हे बघून घेतलेला. तेल, खोके, गॅस यांचाही विचार यात येतो, तरी सगळं मुख्यतः माशावरच ठरतं.

उगम : तळलेला मासा ब्रिटनमध्ये स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या सेफार्डी ज्यूंनी आणला असं बहुतेक अभ्यासक धरतात. १८३० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये लंडनमधल्या तळलेल्या माशाच्या वखारीचा उल्लेख आहे, म्हणजे तोवर हा पदार्थ रुळला होता. चिप्सचं मूळ मात्र बरेच जण उत्तरेकडच्या लँकेशायर-यॉर्कशायरच्या गिरणगावांत शोधतात. दोन्ही एकत्र विकायला सुरुवात कोणी केली यावर वाद आहे. एक बाजू पूर्व लंडनच्या जोसेफ मालिन यांचं नाव घेते, साधारण १८६० च्या आसपास, तर दुसरी ओल्डहॅमजवळच्या मॉस्लीच्या बाजारात लाकडी टपरी चालवणाऱ्या जॉन लीस यांचं, साधारण १८६३. साल कुठलंही घेतलं तरी ते अंदाजाचंच. खरं तर एकच जनक शोधण्यापेक्षा हा पदार्थ त्याच काळात का फोफावला हे बघणं जास्त उपयोगाचं वाटतं, कारण रेल्वे आणि बर्फामुळे मासा बंदरापासून लांबच्या गावांत ताजा पोचायला लागला आणि पुढे वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलर्समुळे, म्हणजे मोठं जाळं ओढत मासे धरणाऱ्या बोटींमुळे, तो इतका स्वस्त झाला की गिरणीतल्या कामगारालाही परवडू लागला. दुसऱ्या महायुद्धात सुद्धा यावर रेशनिंग नव्हतं.

माशाचा साठा : ज्या ट्रॉलर्सनी मासा स्वस्त केला त्यांनीच पुढे समुद्र उपसला. कॉड हा या पदार्थातला नेहमीचा मासा. उत्तर समुद्रातल्या अंडी घालण्याच्या वयाच्या कॉडचं एकूण वजन, म्हणजे अभ्यासक ज्याला प्रजननक्षम साठा म्हणतात तो, १९७० च्या दशकात सुमारे २,७०,००० टन होता आणि २००६ पर्यंत सुमारे ४४,००० टनांवर आला असा त्या वेळचा अंदाज होता. त्याच्याही आधी आइसलँडबरोबरची तथाकथित कॉड युद्धं, म्हणजे तिथल्या पाण्यातल्या मासेमारीच्या हक्कांवरून झालेले तंटे, १९७६ मध्ये संपली आणि ब्रिटिश बोटींना तिथलं पाणी जवळपास बंद झालं, हल आणि ग्रिम्सबी ही बंदरं त्यातून पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाहीत.

मासेमारीवरच्या निर्बंधांनंतर उत्तर समुद्रातला कॉड सावरतोय असं दिसलं आणि २०१७ मध्ये त्याला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या शाश्वत मासेमारीला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं निळं लेबल मिळालं, पेपरांतून कॉड परत ताटात अशा बातम्या आल्या, पण दोनच वर्षांत नव्या मोजणीत साठा खालावलेला निघाला आणि २०१९ मध्ये ते प्रमाणपत्र स्थगित झालं. इथेच या विषयाची खरी मेख आहे. शाश्वत हा शिक्का माशाच्या जातीला मिळत नाही, तो विशिष्ट समुद्रातल्या, विशिष्ट पद्धतीने धरलेल्या साठ्याला मिळतो आणि तोही पुढच्या मोजणीपर्यंतच. त्यामुळे 'कॉड चालेल का' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. दुकानाला ते लेबल मेन्यूवर लावायचं असेल तर बोटीपासून काउंटरपर्यंत मासा कुठून कुठे गेला याची साखळीही तपासून घ्यावी लागते.

आजच्या दुकानांतला बराचसा कॉड आणि हॅडक नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडचा बॅरेंट्स समुद्र आणि आसपासच्या पाण्यातून येतो, ट्रॉलरवरच काही तासांत फिले, म्हणजे बिनकाट्याचे तुकडे, काढून गोठवलेला. गोठवलेला म्हणजे कमअस्सल ही समजूत इथे चुकीची आहे. बॅरेंट्सच्या कॉडचा कोटा नॉर्वे आणि रशिया मिळून ठरवतात, २०२५ साठी तो ३,४०,००० टन ठेवला गेला, १९९१ नंतर तोवरचा सगळ्यात कमी. शिवाय २०२२ पासून ब्रिटनने कॉड-हॅडकसारख्या रशियन पांढऱ्या माशावर ३५ टक्के जादा शुल्क लावलंय, म्हणून आता पर्यायांची चर्चा पर्यावरणाइतकीच पैशामुळेही होते.

पर्यायी मासे : यात हेक सगळ्यात पटण्यासारखा. कॉर्नवॉलच्या हेक मासेमारीला २०१५ मध्ये प्रमाणपत्र मिळालं, आणि गंमत अशी की हा मासा वर्षानुवर्षं स्पेनला जात होता तर ब्रिटिश लोक बाहेरून आणलेला कॉड खात होते. हेकचं मांस मऊ असतं, जरा धसमुसळेपणा केला की बॅटरमध्येच तुटतं, त्यामुळे तळणाऱ्याला हात हलका ठेवावा लागतो. कोली कच्चा असताना करडा दिसतो म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण शिजला की पांढरा होतो आणि बॅटरच्या आत तर रंगाचा प्रश्नच उरत नाही. पोलॅक मात्र जपून. बरीच वर्षं कॉडऐवजी हाच घ्या असं सांगितलं जायचं आणि २०२४ साठी ब्रिटनच्या नैर्ऋत्येकडच्या पाण्यातला पोलॅक अजिबात धरू नये असा शास्त्रीय सल्ला आला.

'रॉक' किंवा 'हस' नावाने विकला जाणारा मासा म्हणजे खरं तर छोटे शार्क, आपल्या मुशीच्या गोतातले. एक्सेटर विद्यापीठाने २०१९ मध्ये डीएनए तपासला तेव्हा अशा मोघम नावांखाली बऱ्याचदा स्पर्डॉग हा छोटा शार्क निघाला. तो उशिरा वयात येतो, पिल्लंही कमी देतो, त्यामुळे एकदा कमी झाला की भरून यायला फार काळ लागतो. मेन्यूवर माशाचं नेमकं नाव लिहिण्याचा आग्रह याचसाठी धरला जातो आणि तो धरलाच पाहिजे.

तेल, बटाटा, खोके : उत्तरेत अजूनही बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे वितळवलेल्या गोमांसाच्या चरबीत, तळतात, इतर ठिकाणी पाम किंवा दुसरं वनस्पती तेल, यात बरं कुठलं यावर एकमत नाही. वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी जातं. बटाट्यात मॅरिस पायपर ही जात जुनी आणि लाडकी. थर्माकोलसारखे पॉलिस्टायरीनचे डबे स्कॉटलंडमध्ये २०२२ ला आणि इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२३ ला बंद झाले, त्यांच्या जागी पुठ्ठ्याचे खोके आले.

भारतात : मुंबई-गोव्याच्या रेस्टॉरंटांत या नावाखाली बहुतेकदा बासा मिळतो. तो गोड्या पाण्यात शेती करून वाढवलेला, म्हणून समुद्री साठ्याचे निकष त्याला लागू होत नाहीत, तिथे तळ्याचं पाणी, खाद्य आणि औषधांचा वापर तपासावा लागतो.