होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब

कॅलिफोर्नियातील हौशी संगणक-जोडणाऱ्यांचे मंडळ (१९७५–८६). घरगुती संगणकाचा धंदा पहिल्यांदा रुजला तो मुख्यतः अशा हौशी लोकांत.

पहिली बैठक ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये भरली. जेमतेम तीसेक जण आले होते. आकर्षण होते अल्टेअर ८८०० या नव्या संगणकाचे. सुट्या भागांचा संच ३९७ डॉलरना मिळे; मेमरी अवघी २५६ बाइट. पडदा नाही, कळफलक नाही. समोरचे खटके वरखाली करून आज्ञा भरायची आणि दिव्यांच्या उघडझापीवरून उत्तर वाचायचे.

यंत्र इतके अपुरे होते म्हणूनच भोवती धंदे उभे राहिले. बेसिक ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा चालवायला किमान ४ के (सुमारे चार हजार बाइट) मेमरी लागे आणि उत्पादकाच्या ४ के बोर्डांत वारंवार बिघाड होई. अल्टेअरची १०० पिनांची जोडणी मात्र अशी होती की तिच्यात इतरांचे बोर्डही बसत. सभासद बॉब मार्श यांनी नेमकी ही निकड ओळखून प्रोसेसर टेक्नॉलॉजी काढली आणि भरवशाचे मेमरी बोर्ड विकायला आणले.

बैठका पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कण-त्वरक केंद्राच्या सभागृहात होऊ लागल्या. सूत्रे ली फेल्सेनस्टाइन यांच्याकडे असत. आधी एकेकाने उठून आपल्याकडे काय आहे, काय हवे आहे, कुठे अडले आहे ते सांगायचे. मग खुर्च्या सोडून आपल्या कामाचा माणूस गाठायचा. ही पद्धत साधी, पण फार मोलाची. विक्रेत्याला दोष लगेच कळत आणि विकत घेणाऱ्याला दुरुस्ती सांगणारा तिथेच भेटे.

या देवघेवीचा त्रासही झाला. अल्टेअरसाठीची बेसिक भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर मिळे; त्या पट्टीच्या प्रती सभासदांत फुकट फिरल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये ही बेसिक तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी हौशी मंडळींना खुले पत्र लिहून ही चोरी असल्याचे बजावले. त्यांचे म्हणणे रास्त होते. पण त्याच प्रतींमुळे बेसिक हौशी वर्तुळात सर्वपरिचित झाली, हेही खरे.

स्टीव्ह वॉझ्निअॅक आपल्या संगणकाचे आराखडे क्लबात मोफत वाटत. ते पाहून बोर्ड जोडण्याइतकी सवड वा हातोटी सगळ्यांकडे नव्हती, म्हणून स्टीव्ह जॉब्ज यांनी छापील बोर्ड विकायचे सुचवले. बाइट शॉप या संगणकाच्या दुकानाचे पॉल टेरेल यांनी प्रत्येकी ५०० डॉलरने ५० नग मागवले, पण चिपा बसवून, सोल्डर करून तयार हवेत या अटीवर. हौशी माणूस जोडण्यात रमतो, दुकानात येणाऱ्याला चालू यंत्र हवे असते. टेरेल यांना हा फरक कळला होता. तरीही ॲपल १ नावाने विकल्या गेलेल्या या ६६६.६६ डॉलरच्या संगणकाला कळफलक, ट्रान्सफॉर्मर, पडदा आणि पेटी गिऱ्हाइकालाच आणावी लागे. कळफलकासह पेटीबंद ॲपल २ आला १९७७ मध्ये.

सभासदांच्या कंपन्या वाढल्या तशी त्यांना व्यापारी गुपिते सांभाळावी लागली आणि बैठकीत उठून मोकळेपणाने सांगणारे कमी झाले. क्लब डिसेंबर १९८६ मध्ये बंद झाला.