घामावरची शस्त्रक्रिया : हात कोरडे, पुढे काय?

तळहातांना इतका घाम की वहीचं पान भिजतं, पेन निसटतं, कुणाशी हात मिळवायचा म्हटलं की जीव कचरतो. हा त्रास बहुधा शाळकरी वयातच सुरू होतो. त्यावरची शस्त्रक्रिया मात्र जन्माला आली ती दुसऱ्याच आजारांसाठी. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी सिम्पथेटिक मज्जातंतूंची, म्हणजे घामाचे संदेश नेणाऱ्या तंतूंची, साखळी उतरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले सर्जन तिचा मानेतला भाग अपस्मार आणि गलगंडासाठी काढत असत. घामासाठी ही शस्त्रक्रिया १९२० मध्ये कोत्झारेफ या सर्जननी केली.

१९४० च्या दशकात छातीत दुर्बीण घालून ती होऊ लागली. पण खरा प्रसार झाला व्हिडिओ कॅमेरा आल्यावर, १९९० च्या सुमारास. काखेत एक-दोन छोटी छिद्रं, आणि टेबलावरच हात कोरडे! वर्षानुवर्षं हात लपवणाऱ्यांना याचं किती अप्रूप वाटलं असेल, हे समजू शकतं.

पण हात कोरडे झाले की अनेकांच्या पाठ, पोट, मांड्यांवर घाम वाढतो. हा भरपाईचा घाम नवा शोध नव्हता. शेली आणि फ्लॉरेन्स या संशोधकांनी १९६० मध्येच त्यावर लिहिलं होतं. तरी यश मोजलं जाई ते प्रामुख्याने हातांवरून, तेही लवकर.

म्हणून व्हिएन्नाच्या सर्जननी १९९४ मध्ये छापलेला अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी रुग्णांना सरासरी चौदा-पंधरा वर्षांनी गाठलं. सुरुवातीला ९५.५ टक्के समाधानी होते. इतक्या वर्षांनी पूर्ण समाधानी उरले ६६.७ टक्के. हातांचा घाम परतला होता फक्त १.५ टक्के जणांत. नाराजी होती ती भरपाईच्या घामाची (हा त्रास ६७.४ टक्के जणांना होता) आणि जेवताना चेहऱ्यावर फुटणाऱ्या घामाची (५०.७ टक्के जणांना). शस्त्रक्रिया यशस्वी आणि रुग्ण नाराज, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

त्यानंतर तंतू कापण्याऐवजी क्लिप लावणं आलं, पण क्लिप काढल्यावर सगळं पूर्ववत होईलच असं नाही. दुसऱ्या बरगडीऐवजी खालच्या पातळीवर तंतू तोडण्याकडे कल वळला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तंतू कुठे तोडला ती पातळी बरगडीच्या क्रमांकानेच नोंदवावी असं सुचवलं. तोवर दोन रुग्णालयांचे आकडे धड ताडून पाहता येत नव्हते.

व्हिएन्नात सर्वांत कमी समाधानी निघाले ते फक्त काखेच्या घामासाठी शस्त्रक्रिया करून घेतलेले : पूर्ण समाधानी जेमतेम एक तृतीयांश. काखेसाठी आता आधी ॲल्युमिनियम क्लोराइड, मग बोटॉक्सची इंजेक्शनं वापरतात.