म्युझिक बनवायचे कॅज्युअल गेम्स आणि त्यातली मोकळीक

कॅज्युअल म्युझिक गेम म्हणजे असा गेम की ज्यात सूर-ताल काही न शिकलेला माणूसही पाचेक मिनिटांत ऐकण्यासारखं काहीतरी वाजवतो. गिटार हिरोसारख्या रिदम गेममध्ये तयार गाण्यावर वेळेत बटणं दाबून पॉइंट मिळवायचे असतात, इथे गाणं तुम्ही बनवायचं. निदान म्हणतात तरी तसं. पण खरंच आपण बनवतो की गेमनेच बनवून ठेवलेलं इकडून तिकडे सरकवतो, यावर जुना वाद आहे.

बेसूर होऊ नये म्हणून यातले बरेच गेम्स काय करतात, तर पाचच सूर देतात, सा रे ग प ध. म आणि नी काढले की अर्ध्या सुराचं अंतरच उरत नाही, मग कुठलंही बटण कशानंतरही दाबा, कानाला खटकत नाही. शिवाय तुम्ही जरा लवकर-उशिरा दाबलं तरी गेम गुपचूप ठोका मात्रेवर नेऊन बसवतो, म्हणजे लय पण चुकत नाही. छान वाटतं, पण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) गेली, मुद्दाम मागे रेंगाळून वाजवणं गेलं, आणि थोड्या वेळाने सगळ्यांचं सगळं सारखंच वाटायला लागतं.

फ्रान्सच्या सो फार सो गुड स्टुडिओचा इन्क्रेडिबॉक्स (2009) हे याचं टोक. सात बीटबॉक्सर (तोंडाने ताल-आवाज काढणारे) उभे असतात, त्यांच्यावर आयकॉन ओढून टाकायचे की प्रत्येकजण आपला लूप, म्हणजे परत परत वाजणारा छोटा तुकडा, म्हणायला लागतो, आणि लूप आधीच एका लयीत, एका पट्टीत बांधलेले असल्यामुळे बिघडायला जागाच नाही. मजा भरपूर येते, पण एकही सूर तुमचा नसतो, कोण कधी म्हणणार आणि कधी गप्प बसणार एवढंच तुमच्या हातात. याला मी रचना नाही, मांडणी म्हणेन (आणि मांडणी काही कमी दर्जाची गोष्ट नाही, डीजे तेच करतात). निन्टेन्डोचा वी म्युझिक (2008) पण असाच टीका खाऊन गेला. साठाच्या वर वाद्यं, मुख्य वाजवण्याच्या भागात स्कोअर नाही, हवेत हात हलवायचा, पण सूर गेम निवडणार. लयीत मात्र तो खरंच मोकळा होता, याकडे फार कुणी बघितलं नाही.

उलट 1992 चा मारिओ पेंट बघा, निन्टेन्डोचा चित्रं काढायचा गेम, ज्यात गाणं रचायचाही एक भाग होता. एका ठोक्याला जास्तीत जास्त तीन आवाज, कोमल-तीव्र सूर नाहीतच, वाद्यं म्हणून मांजर, कुत्रा, विमान असले पंधरा आवाज. इतकं कमी असूनही त्यात वाईट गाणं बनवता येतं, आणि माझ्या मते मोकळीक मोजायची ती इथे. चुकायची परवानगी असेल तरच जमलेलं तुमचं.

माइनक्राफ्ट तर म्युझिकचा गेम नाहीच, पण त्यातला नोट ब्लॉक (सूर वाजवणारा ठोकळा) या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहे. कोमल-तीव्र धरून 25 सूर म्हणजे दोन सप्तकं, ब्लॉकखाली लाकूड ठेवलं तर बेस, वाळू ठेवली तर स्नेअर ड्रमचा आवाज, आणि मधली वेळ रेडस्टोन रिपीटरने (सिग्नल थोडा उशिरा पुढे पाठवणारा भाग) 0.1 सेकंदाच्या पटीत लावायची. हे इतकं किचकट आहे की कॅज्युअल म्हणावं का हाच प्रश्न, एक कडवं लावायला अख्खी संध्याकाळ जाते, पण गेम तुमचा एकही सूर दुरुस्त करत नाही.

सेव्ह करण्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. तोशिओ इवाईंचा इलेक्ट्रोप्लँक्टन (2005) खेळायला अप्रतिम, पण त्यात बनवलेलं काही ठेवताच येत नाही, डीएस (निन्टेन्डोचा हातात धरायचा गेम कन्सोल) बंद केला की गेलं. काहींना तेच आवडतं, वाजवलं आणि विरलं. पण परत येऊन कालची ओळ बदलता येणार नसेल तर त्यात खेळणं होतं, रचना होत नाही. फ्यूजर या डीजे बनायच्या गेममध्ये (2020) मिक्स करून इतरांना ऐकवायची सोय होती, 2022 च्या डिसेंबरमध्ये सर्व्हर बंद झाले आणि तीही गेली.