दुर्मीळ पक्ष्याची नोंद: बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत

सप्टेंबर लागला की उत्तर गोलार्धातल्या किनाऱ्यांवरून आणि बेटांवरून दुर्मीळ, म्हणजे एरवी तिथे न दिसणारे, पक्षी दिसल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि नोव्हेंबरपर्यंत येत राहतात. वसंतातल्या परतीच्या प्रवासातही पक्षी भरकटतात, पण बहुतेक ठिकाणी शरदातला ओघ मोठा असतो. विणीचा हंगाम नुकताच संपल्यामुळे पक्ष्यांची संख्या वर्षातली सर्वाधिक असते आणि त्यांतले कितीतरी त्याच उन्हाळ्यात जन्मलेले असतात. अनेक छोट्या पक्ष्यांची पिल्लं आईबापांशिवाय, रात्रीच्या अंधारात पहिल्या प्रवासाला निघतात. दिशा त्यांच्या रक्तात असते, वाटेचा अनुभव मात्र शून्य.

आज हे सहज सांगता येतं. दीडशे वर्षांपूर्वी असा पक्षी म्हणजे संग्रहात ठेवायची चीज होती. हाइनरिख गेट्के हा जर्मन चित्रकार १८३७ साली उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावर गेला आणि जन्मभर तिथेच राहिला. या चिमुकल्या बेटावर त्याने अर्धशतकाच्या निरीक्षणांतून जवळपास चारशे जाती नोंदवल्या. त्यांतले बरेच पक्षी अर्थातच मारून किंवा पकडून हाती आलेले होते. ब्लूथ्रोट हा चिमणीएवढा पक्षी आफ्रिकेपासून हेलिगोलँडपर्यंतचं अंतर एका रात्रीत कापतो, असा अचाट निष्कर्षही त्याने काढला होता. पण एकाच जागी बसून वर्षानुवर्षं नोंद ठेवायची, ही त्याची पद्धत टिकली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या फेअर आयल बेटावर विल्यम ईगल क्लार्क हा पक्षीअभ्यासक १९०५ मध्ये पोहोचला, तो असंच मोक्याचं बेट शोधत. त्याच बेटावर १९४८ साली जॉर्ज वॉटरस्टन याने पक्षीनिरीक्षण केंद्र सुरू केलं. केंद्राचा आराखडा त्याने दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना रंगवला होता.

तोवर नोंदीचा कायदा बंदुकीचा होता. पक्षी मारून आणला तरच नोंद खरी, निसटला तर ती ऐकीव गोष्ट. आणि मेलेल्या पक्ष्याला बाजारभाव होता. पेंढा भरलेला तोच पक्षी ब्रिटनमध्ये मारलेला असेल, तर ब्रिटिश संग्राहक त्याला परदेशातून आलेल्या नमुन्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजत. यातून काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. १८९२ ते १९३० या काळात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज परिसरातून दुर्मीळ पक्ष्यांचा नुसता पूर लोटला. यांतले बहुतेक नमुने जॉर्ज ब्रिस्टो या पेंढा भरणाऱ्याच्या दुकानातून गेले होते. कुजबुज तेव्हाही होती. उघड हिशेब झाला तो ऑगस्ट १९६२ मध्ये, 'ब्रिटिश बर्ड्‌स' या मासिकात. जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाने हेस्टिंग्जच्या नोंदी शेजारच्या भागांतल्या आणि नंतरच्या काळातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्या कशाशीच जुळेनात. परदेशात मारलेले पक्षी बर्फात घालून जहाजाने आणले जात असावेत, हा तर्क सर्वांत पटणारा ठरला. ब्रिस्टो १९४७ मध्येच वारला होता, त्यामुळे त्याची बाजू कळण्याचा प्रश्नच नव्हता. ब्रिटनच्या यादीतून २९ जाती-उपजाती खोडल्या गेल्या. गंमत अशी की त्यांतल्या बऱ्याच जाती पुढे खरोखरच ब्रिटनमध्ये दिसल्या.

तोपर्यंत चांगल्या दुर्बिणी सर्रास मिळू लागल्या होत्या आणि पक्षी न मारता ओळखणं शक्य झालं होतं. पण मग पुरावा कशाला म्हणायचं? यासाठी ब्रिटनमध्ये १९५९ साली दहा जणांची दुर्मीळ-नोंद समिती बसली. पाहणाऱ्याने पिसांचे रंग, आवाज, अंतर, उजेड सगळं लिहून द्यायचं आणि समितीने ते मान्य करायचं किंवा फेटाळायचं. फेटाळलेली नोंद अनेकांना जिव्हारी लागते. तरीही ही पद्धत पुढे अनेक देशांत रुजली. माझ्या मते नोंदींना शास्त्रीय वजन आलं ते या कटकटीच्या कारकुनीमुळेच.

पक्षी का भरकटतात, याचा शोध वेगळ्या वाटेने चालला होता. डेन्मार्कमध्ये मॉर्टेन्सन या पक्षीअभ्यासकाने १८९९ साली स्टारलिंग या साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली आणि एकेका पक्ष्याचा प्रवास तपासता येऊ लागला. याच कड्यांच्या जोरावर पेर्डेक या डच संशोधकाने हेग परिसरात पकडलेले ११ हजारांहून अधिक स्टारलिंग स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. १९५८ मध्ये त्याने निष्कर्ष मांडले. अनुभवी पक्षी दिशा सुधारून आपल्या नेहमीच्या हिवाळी मुलखाकडे वळले. पहिल्यांदाच निघालेले तरुण मात्र जन्मजात दिशेनेच उडत राहिले आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनमध्ये जाऊन पोहोचले. शरदातल्या पाहुण्यांत कोवळ्या पक्ष्यांचा भरणा का, याचं इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं.

वाऱ्याचा हात तर उघडच दिसतो. ऑक्टोबर २००५ मधल्या विल्मा चक्रीवादळापाठोपाठ अमेरिकेतले चिमनी स्विफ्ट, म्हणजे तिथल्या पाकोळ्या, पश्चिम युरोपात येऊन पडल्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या गडबडीचाही संबंध दिसतो. उत्तर अमेरिकेतल्या वीस लाखांहून अधिक नोंदी तपासणाऱ्या २०२३ च्या अभ्यासात अशा गडबडीच्या काळात जास्त पक्षी भरकटलेले आढळले.

नोंदी वाढण्याचं एक कारण मात्र पक्ष्यांत नसून माणसांत आहे. १९७० च्या दशकात नॉरफकमधल्या क्ले गावातल्या एका कॅफेचा फोन हे इंग्लंडमधल्या पक्षीवेड्यांचं बातमीकेंद्र होतं; जो जवळ असेल त्याने उचलायचा. पुढे पेजर आले आणि २००२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचं 'ईबर्ड' हे पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी, प्रसिद्ध ठिकाणी, रस्त्यालगत जास्त 'दुर्मीळ' पक्षी दिसतात, ते या पाहणाऱ्यांमुळे. म्हणून नुसत्या आकड्यांवरून पक्षी वाढले म्हणणं धोक्याचं.

पण काही बदल खरे आहेत. रिचर्ड पिपिट हा छोटा पक्षी सायबेरियाच्या बाजूला वीण करतो आणि दक्षिण आशियात हिवाळा काढतो. युरोपात दिसला तर तो चुकलेला, हे गृहीत होतं. दक्षिण फ्रान्समध्ये कडी घातलेले काही पक्षी पुढच्या हिवाळ्यात त्याच माळावर परतले. अंगावर बसवलेल्या सूक्ष्म यंत्रांनी ते दरम्यान वीण करायला पूर्वेकडे जाऊन आल्याचं दाखवलं. म्हणजे ते चुकलेले नव्हते, हिवाळा काढायलाच येत होते. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पिवळ्या भुवईचा वटवट्याही सायबेरियाचाच आणि त्याचं हिवाळी घर आग्नेय आशियात. पश्चिम युरोपात तो आता दर शरदात इतक्या संख्येने उतरतो की ब्रिटनच्या समितीने त्याच्या नोंदी तपासणं कधीच सोडून दिलं आहे.