हेडरचा पाइप लांब का असतो?

धुळ्यात मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या एका गॅरेजात जुनी पेट्रोल जिप्सी उभी होती. मालकाचं म्हणणं एवढंच, "भाऊ, गाडीमा दम नही. हेडर टाकी दे." मिस्त्रींनी इंजिनाला चिकटलेला, सिलिंडरांचा धूर गोळा करणारा बिडाचा मॅनिफोल्ड सोडवायला घेतला. रात्रभर तेल मुरवलं होतं, तरी पाना जपूनच फिरत होता. मॅनिफोल्ड धरून ठेवणारा गंजलेला स्टड इंजिनाच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये तुटला, की तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं.

तो मॅनिफोल्ड हातात घेतला की अडचण दिसते. चार आखूड तोंडं, लगेच एकमेकांत मिसळलेली. बीड स्वस्तात ओतता येतं, उष्णता सोसतं, आवाज दाबतं, वर्षानुवर्षं टिकतं. पण एका सिलिंडरच्या धुराचा धक्का इथे शेजारच्या सिलिंडरला बसतो.

याच मॅनिफोल्डच्या जागी बसणाऱ्या हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा लांब पाइप असतो, आणि सगळी करामत त्या लांबीत आहे. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपात सुटते. पाइप एकत्र येतात तिथे जागा एकदम रुंदावते. तिथून लाट उलटते, पण कमी दाबाची, ओढणारी होऊन. ती परत येईल त्या क्षणी एक्झॉस्ट आणि ताजं मिश्रण आत घेणारा इनटेक हे दोन्ही व्हॉल्व्ह जरा उघडे असले, तर उरलासुरला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि ताजं मिश्रण आत शिरतं. वायूचा वेगही हातभार लावतो. पाळधीसारख्या लहान स्टेशनातून एक्स्प्रेस न थांबता गेली की फलाटावरचा पाचोळा मागे ओढला जातो ना, तसंच.

आता हिशोब बघा. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३६० मीटर धावतो. तापलेल्या एक्झॉस्टमध्ये ५०० ते ६००. मीटरभर पाइपातून लाट जाऊन यायला साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्यात इंजिनाचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्यांना) साधारण ६५ अंश फिरतो, ६००० ला १३०. म्हणजे एकच पाइप सगळ्या वेगांना साथ देऊ शकत नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढणाऱ्याला मधल्या आरपीएमची ताकद हवी, म्हणून चाराचे दोन, दोनाचा एक होणारा हेडर त्याला सोयीचा. चाराचा थेट एक होणारा हेडर वरच्या आरपीएमला खुलतो.

रावेर-यावलची केळी वाहणाऱ्या टर्बो डिझेल पिकअपला मात्र हा खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा टर्बो मॅनिफोल्डलाच बसलेला असतो आणि गरम वायूच्या जोरावरच फिरतो. बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या गाडीत तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा इंजिनाला खेटूनच असतो. हेडरसाठी तो काढून टाकणं कायद्यात बसत नाही, आणि ते विष मागून सायकलवर येणाऱ्या पोरांच्या छातीत जातं.

जिप्सीला हेडर बसला. मिस्त्रींनी नट मधून बाहेरच्या बाजूला आवळत नेले, गाडी फिरवून आणली, इंजिन पूर्ण गार होऊ दिलं आणि प्रत्येक नटावर पुन्हा पाना लावला. अर्ध्या मीटरचा पोलादी पाइप ५०० अंशांनी तापला की तीन मिलिमीटर वाढतो.