ताणकणांचं मूळ: टोमॅटो, आर्सेनिक आणि बंद पडलेल्या गाड्या

बेळगावात 'तणाव' म्हटलं की आधी एसटी आठवते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या गाड्या बंद झाल्या, तसं मध्येच कधीतरी होतं आणि कोल्हापूरला निघालेली माणसं पिशव्या घेऊन स्टँडवर घोळक्यानं उभी राहतात. पेशीतले ताणकण, म्हणजे स्ट्रेस ग्रॅन्यूल (ताण आला की आरएनए आणि प्रथिनं एकत्र येऊन बनणारे कण), जवळपास असेच जमतात.

सुरुवात टोमॅटोपासून झाली. १९८३ मध्ये पूर्व जर्मनीतल्या लुट्झ नोव्हर यांच्या गटाला उष्णता दिलेल्या टोमॅटोच्या पेशींत दाट कण दिसले. एप्रिलच्या उन्हात फूलगळ बघणाऱ्या आपल्या कडोली-उचगावच्या शेतकऱ्याला 'टोमॅटोला ताण बसला' हे वेगळं सांगायला नको. १९८९ मध्ये त्याच गटानं दाखवलं की रोजच्या कामाचे आरएनए संदेश, म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या सूचना, या कणांशी बांधलेले असतात. उष्णतेशी झुंजणाऱ्या प्रथिनांचे संदेश मात्र बाहेर, कामावर.

खरी उकल १९९९ ची. बोस्टनमध्ये नॅन्सी केदर्शा आणि पॉल अँडरसन यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींना सोडियम आर्सेनाइट, म्हणजे आर्सेनिकचं विषारी संयुग, दिलं. अशा ताणात ईआयएफ२-अल्फा या प्रथिनाला फॉस्फेट चिकटला की नवे रायबोसोम (संदेश वाचून प्रथिनं बनवणारी यंत्रं) संदेशावर चढत नाहीत, आधीचे काम संपवून उतरतात आणि उघड्या पडलेल्या संदेशांभोवती टीआयए-१ सारखी प्रथिनं गोळा होतात. पुढच्याच वर्षीचा प्रयोग मला सगळ्यांत देखणा वाटतो. सायक्लोहेक्झिमाइड हे रसायन रायबोसोमला संदेशावरच गोठवतं, कण विरघळतात. प्युरोमायसिन हे दुसरं रसायन त्यांना खाली उतरवतं, कण वाढतात. हायवेवर गाडीतच अडकलेले प्रवासी स्टँडवर गर्दी करणार कुठून? (उपमा फार ताणू नये, इथे एका प्रवाशावर, म्हणजे संदेशावर, अनेक गाड्या, म्हणजे रायबोसोम, स्वार असतात.)

ताणकण म्हणजे पेशीचं गोदाम, असं सर्रास लिहिलं जातं. ते मला पटत नाही. गोदामाला कुलूप असतं; इथे टीआयए-१ काही सेकंदांत आत-बाहेर करतं. घोळका तोच, माणसं बदललेली.

२०२० मध्ये तीन गटांनी एकाच वेळी हे कण जमवणारं मुख्य प्रथिन म्हणून जी३बीपी१ वर बोट ठेवलं. एरवी हे प्रथिन स्वतःवरच दुमडलेलं असतं; उघडा आरएनए भेटला की ते उलगडतं आणि द्रवाच्या थेंबासारखी दाटी होते.

पांगण्याची कथा अजून ताजी आहे. २०२१ मध्ये दिसलं की उष्णतेनं जमलेले कण मोडायला जी३बीपी१ वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते. आर्सेनाइटनं जमलेले कण मात्र तिच्यावाचूनच मोडतात.